गाईचं आजोळ

मार्च संपत आला होता, पण स्कॉटलंडच्या अॅबर्डीनशायरमध्ये मार्च म्हणजे थंडीच. ऑल्फर्डजवळच्या एका शेतावर मी वर्षाचे कागद आणायला गेले होते. शेतकऱ्यांचे हिशोब बघणाऱ्या एका कचेरीत मी काम करते, त्यामुळे इथली माणसं मला आधी पावत्यांवरून कळतात आणि मग चेहऱ्यावरून. मालक ट्रॅक्टर घेऊन कुठेतरी लांब गेलेला आणि पावत्यांची पेटी त्याच्याशिवाय कोणाला सापडेना, म्हणून त्याच्या आई म्हणाल्या, चल, तोवर गोठा बघ. ऐंशी कधीच ओलांडलेली बाई, पायात गमबूट, गुडघे दुखतात असं सांगत माझ्यापुढे चार पावलं. गोठ्यात मुरघासाचा गोडसर आंबूस वास भरलेला. माझ्या आजोळच्या गोठ्यात कडब्याचा कोरडा वास असायचा, इथे सगळं ओलं. पण अंधारात एकाच वेळी रवंथ करणाऱ्या जनावरांचा आवाज मात्र तोच. आतल्या कप्प्यात एक गाय नुकतीच व्यालेली होती. काळी कुळकुळीत, भुंडी, आखूड पायांची. वासराच्या ओल्या अंगाला बार्लीचा पेंढा चिकटलेला. आजीबाई लोखंडी कठड्याला टेकल्या आणि सांगायला लागल्या. हिची आई लाथाळ होती, पण दुधाला चांगली. आजीला बर्फात जुळं झालं आणि दोन्ही जगली. पणजी फाटकाची कडी जिभेने काढायला शिकली होती. तिची आई सासूबाईंनी इथल्याच, स्कॉटलंडमधल्या पर्थच्या बाजारातून आणली, त्या वेळी सासरे दोन दिवस बोलले नव्हते. असं करत करत त्या सात पिढ्या मागे गेल्या. हातात कागद नाही की डोळ्यांवर चष्मा नाही. आणि मग सहज, बोलण्याच्या ओघात, मला विचारलं, "आणि तुझं? तुझ्या आईच्या आईची आई कोण?"

आईचं नाव सांगितलं. आजीचं सांगितलं. तिथे गाडी अडली. त्यांना वाटलं, आपली ही अॅबर्डीनकडची बोली हिला समजली नसेल. मग त्यांनी एकेक शब्द सुटा करून, जरा मोठ्याने, पुन्हा विचारलं.

प्रश्न पहिल्यांदाच कळला होता.

परतीच्या रस्त्यावर मी मनातल्या मनात वडिलांकडची उजळणी करत होते. तिकडचे बापजादे मला पाठ आहेत. आजोबा गेले तेव्हा त्र्यंबकेश्वरला गेलो होतो. उपाध्यायांनी लांबट, लाल कापडात बांधलेली वही काढली, गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि पाच मिनिटांत आमच्या घराण्याचं पान समोर आलं. मी तेव्हा शाळेत होते. खापरपणजोबांनी शंभरेक वर्षांपूर्वी याच ओट्यावर बसून आपलं नाव सांगितलं, हे बघून अंगावर काटा आला होता. बायकांची नावं त्या वहीत अगदीच नव्हती असं नाही. कुठे नाव होतं, कुठे नुसतं 'भार्या' लिहिलेलं. पण ती बाई कोणाची लेक, कोणत्या गावची, तिची आई कोण, यातलं एक अक्षर कोणत्याच पानावर नव्हतं. त्या वेळी हे खटकलंही नाही. एका गाईने ते दाखवून द्यावं, हे जरा अतीच झालं.

आजीबाईंची ती काळी, भुंडी गुरं अॅबर्डीन-अँगस जातीची, आणि या जातीत कूळ गाईवरून लागतं. इथल्या शेतकऱ्यांना यात काही विशेष वाटत नाही, पण मला कळायला वेळ लागला. वळूला किंमत प्रचंड. लिलावात तोच मिरवतो, त्याच्याच नाकात पितळी कडी आणि पाठीवर ब्रशने उभे केलेले केस. मात्र तो कोणाचा, हे सांगताना आईकडून सुरुवात होते. एरिका, प्राइड, जिल्ट, ब्लॅकबर्ड ही सगळी गाईंची कुळं. कालवडीला आईचं कुळनाव मिळतं आणि गोऱ्ह्याचं नाव आईच्या नावाच्या पहिल्या अक्षरावरून ठेवतात. ऑल्फर्डच्याच शेजारी टिलीफूर म्हणून शेत आहे. विल्यम मॅकॉम्बीने तिथे गुरं जोपासली. त्याने वाढवलेल्या ब्लॅक प्रिन्स नावाच्या बैलाने १८६७ साली बर्मिंगहॅम आणि स्मिथफील्डच्या गुरांच्या प्रदर्शनांतली बक्षिसं मारली, मग तो राणी व्हिक्टोरियाला दाखवायला विंडसरला नेला आणि शेवटी त्याच्याच मांसाचा मोठा तुकडा राणीकडे भेट म्हणून गेला. पण जाणकारांना मॅकॉम्बी माहीत आहे तो १८४४ साली विकत घेतलेल्या एका कालवडीसाठी. तिचं नाव क्वीन मदर. तिची लेक लोला मॉन्टेझ, लोलाची लेक शार्लट, आणि शार्लटची लेक प्राइड ऑफ अॅबर्डीन, जिच्यावरून अख्खं कूळ चाललं. लोला मॉन्टेझ ही त्या काळी युरोपभर बदनाम झालेली नर्तकी. बव्हेरियाच्या राजाला तिच्यापायी गादी सोडावी लागली. रविवारी चर्चमध्ये कडक कॉलर लावून बसणाऱ्या स्कॉटिश शेतकऱ्याने आपल्या लाडक्या गाईला तिचं नाव द्यावं, याचं मला अजून हसू येतं. त्याच्या घरात त्यावर काय बोलणं झालं असेल कोण जाणे.

नावाचा आणखी एक नियम आहे. गाय ज्या शेतावर जन्मली त्या शेताचं नाव तिच्या नावाआधी लागतं आणि ते कायम राहतं. दहा दावणी बदलल्या, आयर्लंडला गेली, कॅनडाला गेली, तरी विकत घेणाऱ्याला ते पुसून आपलं लावता येत नाही. माहेरचं नाव जन्मभर. आणि आमच्याकडे? ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवीन नाव कोरायचं. माझ्या आईचं नाव तसं बदललं, मावशीचं बदललं, आजीचं तर बदललंच. हसत, उखाणे घेत, पेढे वाटत बदललं. कोणाचा छळ झाला असं म्हणता येणार नाही. आईला तिचं नवं नाव आवडायचंही. पण नाव बदललं, आडनाव बदललं, गाव बदललं की पुढच्या पिढीने शोधायचं तरी कोणत्या धाग्याने?

इथे १९९६ पासून प्रत्येक वासराला पासपोर्ट लागतो. वेड्या गाईंचा रोग पसरला, ब्रिटिश गोमांसावर बंदी आली आणि तेव्हापासून कुठलं जनावर कुठे जन्मलं, कुठे गेलं याची नोंद सक्तीची झाली. दोन्ही कानांत बिल्ले आणि वर हा कागद. त्या अर्जात आईचा क्रमांक भरावाच लागतो. बापाचा क्रमांक ऐच्छिक. मी हा रकाना पहिल्यांदा पाहिला तेव्हा नुकतीच महाराष्ट्रातली बातमी वाचली होती, की १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लागणार. बरं वाटलं. आणि स्कॉटलंडच्या वासरांना ही सोय आपल्याआधी अठ्ठावीस वर्षं मिळाली, हेही लक्षात आलं.

माझं आजोळ माणदेशात, आटपाडीपासून फार लांब नाही. आईचे वडील खिलार राखायचे. त्यांच्या एका वळूचं नाव पंचक्रोशीत होतं असं सगळे सांगत. मी पाहिला नाही, माझ्या जन्माआधीच तो गेला. मी फक्त गोष्टी ऐकल्या. काजळी अंग, मागे वळत गेलेली तलवारबंद शिंगं, आखूड कान, पातळ कातडी, आणि चालताना खूर वाजला तर दगडावर टिकली फुटल्यासारखा आवाज. आजोबा मला एकदा खरसुंडीच्या चैत्री यात्रेला घेऊन गेले होते. सिद्धनाथाचं दर्शन झालं आणि मग खरं दर्शन सुरू झालं. माळावर जिकडे बघावं तिकडे पांढरी जनावरं, शिंगांना लावलेले गोंडे, गुलाल, उसाच्या रसाची गुऱ्हाळं, धुळीतून येणारे घुंगरांचे आवाज. आजोबा जनावराच्या समोर कधीच थेट जात नसत. आधी लांबून चाल बघायची. मग मागून पायांची ठेवण. मग अंगावरचे भोवरे कुठे आहेत ते. सगळ्यात शेवटी ओठ वर करून दात: आदत आहे, दोन दाती आहे की चौसा. हेडी आणि शेतकरी उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव करत, चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. आणि या सगळ्यात आजोबांचा प्रश्न ठरलेला असे: "कुणाच्या वळूचा हाय?" समोरचा माणूस वळूचं गाव सांगे, मालक सांगे, त्या वळूचा बाप सांगे. आईचं कोणी विचारत नसे. विचारलंच तर उत्तर येई, "घरच्या गाईचा."

'खाण तशी माती' म्हणणारी हीच माणसं. खाण कोणती ते मात्र लिहून ठेवायचं नाही.

अँगसवाल्यांनी तरी सुरुवातीपासून लिहून ठेवलं होतं असं नाही. ह्यू वॉटसनने १८०८ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, केलरची शेती खंडाने घेतली तेव्हा वडिलांनी त्याला सहा काळ्या गाई आणि एक बैल दिला. बाकीच्या कालवडी त्याने ब्रेकिनच्या जत्रेत निवडून घेतल्या. तिथून काळा रंग आणि भुंडं डोकं धरून तो निवडत गेला. त्याची ओल्ड ग्रॅनी १८२४ सालची. पस्तीस वर्षं जगली आणि एकोणतीस वासरं दिली असं म्हणतात. आजच्या बहुतेक अँगस गुरांचा माग तिच्यापर्यंत आणि वॉटसनच्याच ओल्ड जॉक या वळूपर्यंत पोहोचतो. पण वंशावळीसाठी गोळा केलेली माहिती १८५१ साली एडिंबराच्या आगीत जळून गेली. सगळं परत जमवावं लागलं आणि नोंदवहीचा पहिला खंड निघायला १८६२ साल उजाडलं. एरिकाची कथा तर त्याहून ओढ लावणारी. ती किनेर्डच्या अर्ल ऑफ साउदेस्कची. १८६१ मध्ये बॅलिनडॅलॉखच्या मॅकफर्सन-ग्रँटांनी ती पन्नास गिनींना घेतली. पुढे चारच वर्षांनी बुळकांडी ही गुरांची साथ आली आणि साउदेस्कचा बहुतेक कळप त्यात गेला. एरिका विकली गेली होती म्हणून तिचं कूळ वाचलं. बॅलिनडॅलॉखचा कळप १८६० पासून आजतागायत एकाच घराण्याकडे आहे; जगातला सर्वांत जुना अखंड अँगस कळप. परक्या घरी पाठवलेली लेक आणि तिच्यामुळे टिकलेलं कूळ, असं काही मी एका संध्याकाळी डायरीत लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी खोडलं. फारच गोड झालं होतं ते.

कारण मी हिशोब बघते. या वंशावळीला मान आहे तो कशासाठी, हे मला पानोपानी दिसतं. गाईची सात पिढ्यांची नावं ठेवतात, ती तिच्या पोराचा भाव ठरवायला. त्र्यंबकेश्वरच्या पेढीवरची नामावळी निदान पिंड द्यायला तरी लिहिलेली असते. शिवाय गुरांच्या या नामावळीत फक्त ठेवलेल्यांची नावं आहेत. दहा गोऱ्हे जन्मले तर त्यातला एखादाच वळू म्हणून राहतो. बाकीच्यांना नोंदवहीत जागा नाही. ते दोन वर्षांच्या आत खाटकाकडे जातात आणि माझ्या वहीत 'विक्री' या रकान्यात येतात. पैदास करणं म्हणजे मुख्यतः काढून टाकणं. वॉटसन, मॅकॉम्बी, आणि हो, माझे आजोबासुद्धा, यांचा खरा हात तिथेच. आणि तो हात नेहमी बरोबर पडतो असंही नाही. १९४०-५० च्या सुमारास अमेरिका आणि अर्जेंटिनाच्या गिऱ्हाइकांना लहानखुरी, गोलमटोल, झटपट चरबी धरणारी गुरं हवी होती. मग इथल्या मोठमोठ्या घराण्यांनी जनावर बुटकं, आणखी बुटकं करत नेलं, इतकं की पुढे फ्रान्सचे धिप्पाड शारोले आले तेव्हा अँगस त्यांच्या कमरेला लागेना. त्या काळातला शेवटचा दिमाख १९६३ च्या पर्थच्या लिलावातला. लिंडर्टिस इव्हल्स नावाचा वळू साठ हजार गिनींना गेला. तेव्हाचा जागतिक उच्चांक. आणि तो निघाला वांझ. इथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांसमोर हा विषय काढला की ते अजूनही आनंदाने खिदळतात. शेजाऱ्याचं नुकसान जुनं झालं की त्याची चव वाढते.

मी गोमांस खात नाही. त्या घरी एकदा रविवारी जेवायला थांबले तर आजीबाईंनी काही न विचारता माझ्या ताटात बटाटे आणि सलगम वाढले आणि भाजलेल्या मांसाची परात माझ्यापासून लांब सरकवली. त्यात टोमणा नव्हता, कौतुकही नव्हतं. मला मात्र तिथे बसल्या बसल्या आपण जरा वरच्या पायरीवर आहोत असं वाटायला लागलं होतं, आणि नेमकी त्याच वेळी आजोबांची म्हातारी बैलजोडी आठवली. ओढीचे दिवस सरले की तीही बाजारात जायची. बेंदराला ज्यांच्या शिंगांना रंग लावला, ज्यांना पुरणपोळी भरवली, तीच. न्यायला येणारा माणूस कोण, कुठून आला, पुढे कुठे जाणार, हे आमच्या घरात कोणी मोठ्याने विचारलं नाही. आजी त्या दिवशी चुलीपासून उठायची नाही. २०१५ नंतर राज्यात बैल कापायलाही बंदी आहे. आता गावाकडचे भाऊ म्हणतात, म्हातारं जनावर पोसायचं कशावर आणि विकायचं कोणाला. आजीबाईंच्या घरी निदान पाठवायची तारीख कॅलेंडरवर लिहिलेली असते, भिंतीवर, सगळ्यांना दिसेल अशी. यातलं बरं काय, याचा मला अजून निवाडा करता आलेला नाही.

इथल्या करव्यवस्थेत कळपासाठी एक वेगळी सोय आहे, हर्ड बेसिस म्हणतात. शेतकऱ्याने ती निवडली की पैदाशीचा कळप ही त्याची एकच मालमत्ता धरली जाते. एक गाय गेली, तिच्या जागी दुसरी आली, तरी कळप तोच. गाई येतात-जातात, कळपाची किंमत मात्र ताळेबंदात वर्षानुवर्षं त्याच आकड्यावर बसून राहते. आजीबाईंच्या गोठ्यात सात पिढ्यांची नावं आणि माझ्या कागदावर न मरणारी एक ओळ, दोन्ही एकाच गुरांबद्दल. पाठीमागे ऑक्टोबरमध्ये गाभण तपासायला डॉक्टर आले तेव्हा त्या एरिका कुळातल्या, मार्चमध्ये माझ्यासमोर उभ्या असलेल्या गाईवर निळी फुली मारली गेली. रिकामी. वयही झालं होतं. आजीबाईंना वाईट वाटलं का, मी विचारलं. "तिच्या तीन पोरी आहेत कळपात," त्या म्हणाल्या, आणि चहा ओतला.

मावशीला मी फोन लावला तो त्याच आठवड्यात. आई आता नाही. आजोळचं सांगू शकेल अशी मावशी एकटीच उरली आहे. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, गुडघे, पाऊस, कोणाचं लग्न मोडलं. मग विचारलं, आजीच्या आईचं नाव काय गं? मावशी बराच वेळ थांबली. "तिला समदी आक्काच म्हणायची," ती म्हणाली. "सासरचं नाव लक्ष्मी असावं. माहेरचं कोण सांगणार?" गाव? गाव म्हसवडच्या अंगाला कुठलंतरी. आणि मग एकदम तिचा आवाज बदलला, "पण तिच्याबरोबर गाय आलेली आंदण. हरणी. शिंगाला एक बाक जादा होता बघ, म्हणून सहज ओळखू यायची." पणजीचं नाव माहीत नाही, तिच्या गाईचं माहीत आहे! मी हसले, मावशीला कळलं नाही का हसले ते. ती सांगतच राहिली. हरणीची पाडी गोदी. माझ्या आजीचं लग्न ठरलं तेव्हा पणजीने आंदण म्हणून गोदीच दिली. गोदीची चांदी, अतिशय मारकुटी, आजीशिवाय कोणाला धार काढू द्यायची नाही. आणि त्या चांदीच्या पोटी तो काजळी वळू, आजोबांचा, पंचक्रोशीत नाव असलेला.

म्हणजे आजीच्या आंदणाचा. आजोबांनी त्या वळूच्या बापाचा पत्ता मला किती वेळा सांगितला असेल. हे एकदाही सांगितलं नाही. मावशी म्हणाली, "त्यास्नी काय, गोठ्यात होती म्हणजे घरचीच." चांदीच्या दोन कालवडींपैकी एक माझ्या आईबरोबर जायची ठरली होती. पण बहात्तरचा दुष्काळ पडला. कडबा संपला, झाडांचा पाला संपला, आजोबांनी एकेक जनावर मिळेल त्या भावाला सोडलं. दावणीला शेवटी राहिली ती हीच. तिचं नाव मावशीला आठवेना. शेजारच्या खोलीत कोणालातरी हाक मारून विचारलं, तिथूनही काही आलं नाही.

मी एका पावतीच्या पाठीमागे लिहून घेत होते: हरणी, गोदी, चांदी, आणि पुढे मोकळी जागा. फोनवर पेनाचा आवाज गेला असावा. मावशीने विचारलं, "लिहून घेतीयास व्हय? कशाला गं आता हे समदं? तिकडं पासपोर्टला लागतंय का?"